लहरीपणाचा आरोप

यंत्रास स्वभाव असतो असें मानण्याची मनुष्याची खोड फार जुनी आहे. घड्याळ पुढें जाऊं लागलें म्हणजे आपण त्यास उतावळें म्हणतों. शिवणाचें यंत्र धागा तोडूं लागलें तर तें आज रुसलें आहे, असें घरांतील मंडळी खुशाल सांगतात. यांत वावगें कांहीं नाहीं. बोलण्याची ती एक गोड रीत आहे. परंतु ह्या रीतीनें बोलतां बोलतां एक गोष्ट आपल्या हातून निसटते. रुसलेल्याची समजूत घालावयाची असते. त्याचें निदान कोणी करीत नाहीं. एकदां स्वभावावर बोट ठेवलें म्हणजे कारण शोधण्याची जबाबदारी संपली.

आम्हांस ह्या गोष्टीचा विचार करावयास जिनें भाग पाडलें ती एक इटालियन मोटारसायकल होय. डुकाटी कंपनीची ‘९०० सुपरस्पोर्ट’, १९९५ सालची. म्हणजे आतां तिशी गांठलेली. आम्ही इंग्लंडांत राहतों आणि गाडीची नेहमींची देखभाल घरींच करतों. इटालियन गाड्यांविषयीं, त्यांतही शर्यतीच्या घाटणीच्या गाड्यांविषयीं, इकडे एक लोकापवाद रूढ आहे. रूप देखणें, चाल वाऱ्यासारखी, पण स्वभाव लहरी. आज धांवली म्हणून उद्यां धांवेलच असा भरंवसा नाहीं. आम्हीं ही गाडी घेतली तेव्हां स्नेह्यांपैकीं निम्म्यांनीं अभिनंदन केलें आणि निम्म्यांनीं सांत्वन. ह्या अपवादांत तथ्य किती, हें पाहण्याचा योग पुढें आपोआपच आला.

ही कंपनी मुळांत वाहनांची नव्हेच. १९२६ सालीं बोलोन्या शहरांत डुकाटी घराण्यानें ती काढली ती रेडिओचे कंडेन्सर बनविण्यासाठीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, बोर्गो पानिगाले येथील तिचा कारखाना बाँबवर्षावांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर सायकलीस जोडावयाचें ‘कुचोलो’ नांवाचें चिमुकलें इंजिन करतां करतां ती मोटारसायकलींकडे वळली. १९५४ सालीं फाबियो ताल्योनी नांवाचे इंजिनियर तेथें आले, आणि ज्या रचनेवरून ह्या गाड्या आज ओळखल्या जातात ती रचना त्यांनीं तेथें रुजविली.

ती रचना थोडक्यांत अशी. इंजिनाच्या सिलिंडरांत पेट्रोलमिश्रित हवा आंत घेण्यास एक झडप असते व जळलेला धूर बाहेर सोडण्यास दुसरी. बहुतेक इंजिनांत झडप उघडण्याचें काम कॅम करतो आणि मिटण्याचें काम स्प्रिंग करते. इंजिन फारच वेगानें फिरूं लागलें म्हणजे ह्या स्प्रिंगेची धांदल उडते. पहिली झडप पुरती मिटते न मिटते तोंच ती पुन्हां उघडण्याची वेळ येते. ताल्योनींनीं स्प्रिंगेवर विसंबणेंच सोडलें. उघडण्यास जसा एक दांडा, तसा मिटण्यासही दुसरा दांडा दिला. ह्या रचनेस ‘डेस्मोड्रोमिक’ असें भारदस्त नांव आहे. कल्पना सर्वस्वीं त्यांची नव्हे. मर्सिडीज कंपनीनें १९५४ सालच्या आपल्या शर्यतीच्या मोटारींत ती वापरली होती. परंतु १९५६ सालीं स्वीडनमधील ग्रां प्री शर्यतींत डुकाटीची १२५ सीसीची गाडी ही रचना घेऊन उतरली व पहिल्याच खेपेस जिंकली. आणि पुढें ही रचना सामान्य माणसाच्या रस्त्यावरील गाडींत आणण्याची चिकाटीही डुकाटीनेंच दाखविली.

चिकाटी मालकासही लागते. आमच्या गाडीस सिलिंडर दोन, झडपा चार, आणि प्रत्येक झडपेस उघडण्याचें एक व मिटण्याचें एक अशीं दोन अंतरें. म्हणजे तपासावयाचीं अंतरें आठ. सुमारें १०,००० किलोमीटर धांव झाली कीं ‘फीलर’ नांवाच्या पोलादी पातींनीं तीं मोजावयाचीं. उघडण्याच्या बाजूचें अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि मिटण्याच्या बाजूचें त्याहूनही कमी. अंतर कमीअधिक भरलें तर झडपेवरची लहानशी टोपी काढून निराळ्या जाडीची बसवावी लागते. मिटण्याच्या बाजूची टोपी दोन बारीक अर्धवर्तुळाकार तारांच्या आधारानें राहते. ह्या तारा इतक्या लहान असतात कीं हातून सुटल्यास त्या इंजिनाच्या पोटांत जातील. म्हणून आम्ही सर्व भोकें प्रथम चिंध्यांनीं बुजवितों आणि मगच पाना हातीं घेतों. हिवाळ्यांतील एक सबंध रविवार ह्या कामीं खर्चीं पडतो.

कॅम फिरविणारे दोन दांतेरी रबरी पट्टे दर दोन वर्षांनीं बदलावयाचे, मग गाडी ह्या काळांत अंगणांतून हललीही नसो. रबर धांवण्यानें जसें झिजतें तसें नुसत्या वयानेंही जीर्ण होतें. पट्टा चालत्या इंजिनांत तुटला तर झडपा होत्या तेथेंच थबकतात, उघड्या झडपेवर पिस्टनचा घाव बसतो, आणि एका क्षणांत इंजिन निकालांत निघतें. येथें हयगयीस जागा नाहीं.

गंमत अशी कीं, ज्या झडपांची सर्वांस एवढी धास्ती, त्यांनीं आम्हांस आजवर एकदांही रस्त्यावर उभें केलेलें नाहीं. ह्या गाडीचा क्लच कोरडा, तेलांत न बुडणारा असतो. त्यामुळें ती उभ्या जागीं भांड्यांच्या टोपलीसारखी खडखडते. नवखा मनुष्य तो आवाज ऐकून दचकतो आणि कांहीं तरी मोडलें असें समजतो. वस्तुतः मोडलेलें कांहीं नसतें. जो दोष जिवावर बेतणारा होता तो आला तेव्हां त्याचा आवाज आला नाहीं.

नोव्हेंबरांतील एका सकाळीं, धुकें असतां, मोटाररस्त्यानें आम्ही एकसारख्या मध्यम वेगानें चाललों होतों. अर्धा तास झाला असेल. इंजिन अडखळलें, दोनदां खोकलें आणि बंद पडलें. मागून येणारी मालमोटार भोंगा वाजवीत बाजूनें निघून गेली. तिचा वारा अंगावर आला तो अजून आठवतो. कशीबशी गाडी कडेस घेतली. दहा मिनिटांनीं बटण दाबलें, तों जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत ती सुरू झाली. त्या महिन्यांत असें आणखी दोनदां झालें.

गाडी एका वर्कशॉपांत नेली. तेथील कारागिरासमोर ती एकदांही बंद पडली नाहीं. अखेर ‘इटालियन वीज ही अशीच’ असा निकाल देऊन त्यानें इग्निशनच्या दोन्ही पेट्या बदलल्या. बिलाचा आंकडा येथें सांगत नाहीं. पुढच्याच आठवड्यांत गाडी पुन्हां बंद पडली. घरीं एकमतानें ठराव झाला कीं हें यंत्र विकून टाकावें; आणि तो ठराव गैरवाजवी म्हणतां येईना, कारण प्रश्न आतां हौसेचा राहिला नसून जिवाचा झाला होता. आम्हीं एका हिवाळ्याची मुदत मागून घेतली, मोटाररस्ता सोडून आडरस्ते धरले, आणि खिशांत एक वही ठेवली.

अर्धा तास चालावें, बंद पडावें, दहा मिनिटांत आपोआप बरें व्हावें, ह्या लक्षणाचे संशयित तीन. पहिला वीज: इग्निशनचा एखादा भाग तापला कीं काम सोडतो व निवला कीं पुन्हां धरतो. दुसरा पेट्रोलची टाकी: पेट्रोल खालीं उतरतें तितकी हवा टाकींत शिरली पाहिजे, हवेची नळी दबली किंवा तुंबली तर आंत पोकळी होते, पेट्रोल उतरेनासें होतें, आणि थांबल्यावर हवा हळूहळू झिरपली कीं प्रवाह पुन्हां वाहूं लागतो. आमच्या गाडीची टाकी वर उचलतां येते, आणि ती खालीं ठेवतांना ही नळी चिमटण्याचा संभव असतो, म्हणून ह्या संशयास विशेष जोर होता. तिसरा संशयित कार्बुरेटर. त्याची हकीकत पुढें येईल. तिघांचेंही वर्तन बाहेरून हुबेहूब सारखें, आणि तिघेही चौकशीस मनुष्य येण्यापूर्वीं पुरावा नाहींसा करणारे. अशा वेळीं भाग बदलीत सुटणें म्हणजे चोरी झाली म्हणून सगळ्या आळीस तुरुंगांत घालण्यासारखें आहे. गाडी बंद पडलेली असतांना, त्या दहा मिनिटांतच, चौकशी झाली पाहिजे.

पुढच्या खेपेस गाडी थांबतांच आम्हीं प्रथम टाकीचें झांकण उघडलें. आंत पोकळी असती तर हवा सूं करून शिरली असती. ती शिरली नाहीं, आणि इंजिनही सुरू झालें नाहीं. टाकी निर्दोष ठरली. त्यानंतरच्या खेपेस, झांकण घट्ट मिटलेलें आहे हें पाहून, जवळ बाळगलेला सुटा प्लग तारेस जोडला, इंजिनाच्या अंगास टेंकवला व बटण दाबलें. निळी ठिणगी स्वच्छ दिसली. वीजही सुटली. त्याच वेळीं कार्बुरेटरावर हात ठेवला, तों इतर सारें इंजिन तापलेलें असतां तेवढा भाग बर्फासारखा गार लागला, आणि त्याच्या अंगावर पांढरट दहिंवर जमलेलें दिसलें.

वही उघडून पाहिली. बंद पडण्याचे प्रसंग एकंदर सहा. सहाही वेळां हवेचें उष्णतामान तीन ते आठ अंशांच्या दरम्यान, आणि सहाही वेळां धुकें किंवा भुरभुर पाऊस. कडाक्याच्या कोरड्या थंडींत, शून्याखालीं, गाडी एकदांही थांबली नव्हती.

ह्याचें शास्त्र ज्यानें उन्हाळ्यांत माठांतलें पाणी प्यालें आहे त्यास नवें नाहीं. माठांतून पाझरलेलें पाणी उडून जातांना आपल्याबरोबर उष्णता नेतें, म्हणून आंतलें पाणी गार होतें. पेट्रोल तर पाण्याहून कितीतरी चपळाईनें उडतें. कार्बुरेटरांत त्याची वाफ होतांना आंतल्या हवेचें उष्णतामान वीस अंशांनींही खालीं येऊं शकतें. बाहेर पांच अंश आणि हवा ओली असली, तर त्या हवेंतील बाष्पाचा बर्फ होतो व हवेची वाट रोखणाऱ्या पडद्याच्या कडेस तो धरूं लागतो. मध्यम वेगानें जातांना हा पडदा जेमतेम उघडा असतो, म्हणून ती फट बुजण्यास थोडका बर्फ पुरतो. गाडी थांबली म्हणजे वारा थांबतो, इंजिनाची ऊब वर चढते, बर्फ वितळतो, आणि चोर पाणी होऊन निघून जातो. कडक थंडींत हवा इतकी कोरडी असते कीं बर्फास बाष्पच मिळत नाहीं. ही गोष्ट विमानवाल्यांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. कार्बुरेटराच्या लहान विमानांत त्यास गरम हवा पुरविण्याची कळ वैमानिकाच्या हाताशींच असते.

उपाय दोन निघाले. पेट्रोलांत मिसळण्याचें, बर्फ न धरूं देणारें एक औषध मिळतें. आणि इंजिनांतील गरम तेल एका बारीक नळीनें कार्बुरेटराजवळून खेळविण्याची सोयही करतां येते. आम्हीं प्रथम औषध घातलें. चार धुकट सकाळीं गाडी निर्वेध चालली. पांचव्या सकाळीं आडरस्त्यावर मुद्दाम औषधावांचून नेली, तों ती ठरल्याप्रमाणें थांबली. दोष घालवितां आला एवढ्यानें निदान सिद्ध होत नाहीं. तो पुन्हां बोलावून आणतां आला म्हणजे होतें. मग तेलाची नळी बसविली, आणि त्यानंतर हा प्रकार पुन्हां झालेला नाहीं.

आतां त्या लोकापवादाकडे वळूं. ‘इटालियन वीज’ म्हणून ज्या पेट्या काढून टाकण्यांत आल्या त्या जपानांतील कोकुसान कंपनीच्या. ज्या कार्बुरेटरांत बर्फ धरला तेही जपानीच, मिकुनी कंपनीचे. आणि बर्फास तर कोणतेंच राष्ट्रीयत्व नाहीं. गाडी सर्वस्वीं निर्दोष होती असें आमचें म्हणणें नव्हे. थंड वाऱ्यांत कार्बुरेटर ठेवावा आणि त्यास ऊब देऊं नये, हा रचनेंतील दोष खराच. पण दोष निराळा आणि लहर निराळी. लहर म्हणजे कारणावांचून वागणें. ही गाडी तर सहाही वेळां एकाच कारणानें, एकाच रीतीनें, नेमानें वागली. इतकें नियमित वर्तन असलेल्या यंत्रास लहरी ठरविलें गेलें तें, नियम काय आहे हें विचारण्याइतकी उसंत कोणी घेतली नाहीं म्हणून.

त्या हिवाळ्यापासून कोणताही भाग विकत आणण्यापूर्वीं आम्ही त्याच्यावरील आरोप सिद्ध करून घेतों. मागें दिवे मंदावूं लागले तेव्हां नवी बॅटरी आणण्याआधीं व्होल्टमीटर लावला. इंजिन चालूं असतां बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत, तेथें बारासुद्धां भरेनात. शोध घेतां अल्टरनेटरकडून येणाऱ्या दोन पिवळ्या तारांचा सांधा करपून काळा पडलेला आढळला. तो कापून नवा केला. काम तासाभराचें, खर्च क्षुल्लक. जुन्या यंत्राचे दोष बहुधा असेच असतात: नांवाजलेल्या अवयवांत नव्हे, तर ज्यांस कोणी विचारीत नाहीं अशा नळ्यांत, सांध्यांत आणि पट्ट्यांत.

घरीं आतां गाडी विकण्याची भाषा निघत नाहीं. तिच्यावरील लहरीपणाचा आरोप रीतसर मागें घेण्यांत आला आहे. मात्र ऐन थंडींत, धुकें पडलेलें पाहून, वही व तापमापक घेऊन आनंदानें बाहेर निघणाऱ्या गृहस्थास काय म्हणावें, असा नवा प्रश्न तेथें उपस्थित झाला असून त्यावर आमच्याजवळ अद्याप समर्पक उत्तर नाहीं.