आम्ही, आपण आणि इंद्रवज्र

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन सर्वनामे आहेत. ज्याच्याशी बोलायचे त्याला वगळले की 'आम्ही' आणि सामावून घेतले की 'आपण'. संस्कृतातल्या 'वयम्'ला किंवा हिंदीतल्या 'हम'ला ही सोय नाही. आम्ही दोघेही मराठीचेच अध्यापक; त्यामुळे हा भेद शिकवण्यात आमची वीसेक वर्षे गेली. त्याचा खरा अर्थ मात्र व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर उलगडला.

मागच्या वर्षी आमच्यापैकी एकाची मोठी शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात 'आपण'चा एक निराळाच प्रयोग कानी पडू लागला. "आता आपण गोळी घ्यायची हं." "आज आपण चार पावलं चालायची." त्या 'आपण'मध्ये माया होती, पण गोळी एकानेच घ्यायची होती, टाके एकाचेच ओढत होते, आणि दुसऱ्याने खुर्चीत बसून रात्र काढायची होती. नातेवाइकांचे फोन आले की "आम्ही बरे आहोत" असे उत्तर जाई. त्या एका 'आम्ही'आड दोन वेगवेगळी भये होती, आणि ती एकमेकांनाही सांगितली गेली नव्हती.

डॉक्टरांनी डोंगर चढायला हरकत नाही असे सांगितल्यावर सप्टेंबरअखेरीस आम्ही अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर गेलो. सुमारे १,४०० मीटर उंचीच्या या गडाच्या अनेक वाटांपैकी पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. मुक्काम पाचनईतच एका घरी केला आणि पहाटे चारला, वाटाड्याला सोबत घेऊन, विजेरीच्या उजेडात निघालो. आजारातून उठलेल्याने पुढे चालायचे आणि दुसऱ्याने मागे, म्हणजे वेग आपोआप योग्य राहील, असे ठरले होते. उजाडले तेव्हा पठार सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले दिसले.

हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी थोडे टेकलो. चांगदेवांनी या गडावर तप केले आणि 'तत्त्वसार' इथेच रचले, अशी परंपरा आहे. ज्ञानदेवांनी याच चांगदेवांना पासष्ट ओव्या लिहिल्या. भेटणारे दोघे आणि त्यांची भेट हा भेदच जिथे उरत नाही, अशा भेटीची ती कविता.

पुढे कोकणकडा. आत वळलेली, पश्चिमेला तोंड करून उभी असलेली ही भिंत पाहायला माणसे काठाशी पालथी पडतात. आम्ही पोचलो तेव्हा दरी ढगाने भरली होती. आठच्या सुमारास ऊन पाठीशी आले, आणि समोरच्या ढगावर आमच्या सावल्या उमटल्या; सावलीच्या डोक्याभोवती सप्तरंगी वर्तुळ. हेच इंद्रवज्र. वर्तुळ मिनिटभर टिकले असेल. दोघांनीही आपापल्या भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेतले.

छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर एकात वर्तुळ एका सावलीभोवती आणि दुसऱ्यात दुसऱ्या. असे का, याचे उत्तर प्रकाशशास्त्रात आहे. ढगातले जलबिंदू प्रकाश जवळपास आल्या दिशेनेच मागे फेकतात. त्यामुळे ही वलये पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच मस्तकाच्या सावलीभोवती दिसतात. शेजाऱ्याची सावली दिसते, पण तिला वलय नसते. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांचे इंद्रवज्र एक नसते. दुसऱ्याच्या मस्तकाभोवतीही वर्तुळ आहे, हे त्याने सांगितल्यावाचून कळण्याचा तिथे मार्ग नाही.

पासष्टीतले अद्वैत सिद्धांचे. संसारी माणसांना द्वैत जागच्या जागी ठेवूनच एकमेकांपर्यंत पोचावे लागते, आणि त्यासाठी हाताशी असते ती केवळ भाषा. 'आम्ही' हे सर्वनाम विवाहाने आपोआप मिळत नाही. "मला असे दिसले, तुला काय दिसले?" हे विचारत विचारत ते पुन्हा पुन्हा घडवावे लागते.

उतरताना, ओढ्याकाठच्या कातळाखाली पाणी प्यायला थांबलो, तेव्हा एकाने सांगितले की भुलेतून जागच येणार नाही असे वाटत होते. दुसऱ्याने सांगितले की कपड्यांची पिशवी घेऊन एकट्याने घराचे कुलूप उघडावे लागेल, हे दृश्य रोज रात्री डोळ्यांपुढे येई. वाटाड्या पुढे निघून गेला होता. पाचनईला पोचायला नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला.