कळमेश्वर ते न्यूयॉर्क : अंतराचा आणि वेळेचा ताळेबंद

आपल्यातील अनेक कुटुंबांची मुले आज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्थिरावली आहेत. त्यामुळे ‘तिकडून यायला किती वेळ लागतो?’ हा प्रश्न कळमेश्वरसारख्या गावातही घरगुती झाला आहे.

भिंतीवरच्या सपाट नकाशात न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला दिसते. पृथ्वी गोल असल्यामुळे नागपूरहून तेथे जाणारी सर्वांत जवळची रेषा मात्र उत्तर-वायव्येकडे निघते, आर्क्टिक वृत्ताच्या आत शिरते आणि मग दक्षिणेकडे वळते. तिची लांबी सुमारे 12,600 किलोमीटर भरते. आश्चर्य म्हणजे मुंबईहूनही न्यूयॉर्क जवळजवळ तेवढेच दूर आहे. नागपूरहून थेट विमान नसल्याने वाटेत विमान बदलणे क्रमप्राप्त ठरते. दोहामार्गे गेल्यास 2,850 आणि 10,800 असे दोन टप्पे पडतात. म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम हजार किलोमीटर अधिक.

खरा खर्च वेळेचा आहे. कळमेश्वर ते सोनेगाव विमानतळ एक तास, उड्डाणापूर्वीची हजेरी तीन तास, दोह्यापर्यंत साडेचार, तेथे किमान तीन तासांचा थांबा, पुढे न्यूयॉर्कपर्यंत सुमारे चौदा आणि उतरल्यावर तपासणी व सामान यांचे दोन. बेरीज साडेसत्तावीस तास! त्यांपैकी नऊ तास आपण जमिनीवरच असतो. तिकिटावरील वेळा स्थानिक असल्याने हा हिशेब सहज लक्षात येत नाही. दोह्याचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. न्यूयॉर्कचे हिवाळ्यात साडेदहा, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. परतीच्या उड्डाणाला पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्याची साथ मिळून तास-दीड तास वाचतो, एवढाच दिलासा.

वाटेत बदल करण्याची ही रीत नागपूरला नवी नाही. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. आज दोहा प्रवाशांसाठी जे करते, ते त्या काळी नागपूर पत्रांसाठी करीत असे. तेव्हा पत्र आणि माणूस एकाच वेगाने प्रवास करीत. आता निरोप क्षणात पोहोचतो. माणसाला मात्र, तिकीट हाती असले तरी, एक अहोरात्र उलटून जाते.

म्हणूनच घरातील ज्येष्ठांना एक विनंती करावीशी वाटते. ‘मुलांना उगाच काळजी नको’ म्हणून आजारपण शेवटपर्यंत लपवू नका. ही माया खरी असली, तरी तिच्या हिशेबात हे साडेसत्तावीस तास धरलेले नसतात. विज्ञान ते फारसे कमी करू शकलेले नाही. वेळेवर केलेला एक फोन मात्र मुलांना वेळेत घरी आणू शकतो.