चालते व्हा!

'गाडी विकलीस? वेडी आहेस का?' ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न. अहो, नारायण पेठेतून डेक्कनला चालत जायला लागतात फार तर वीस मिनिटं. गाडीला पार्किंग शोधण्यातच तेवढी जायची. भिडे पुलावरून नदी ओलांडायची. खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की तो बुडतो, मग लकडी पूल आहेच.

चालण्याचा त्रास नाही, खरी परीक्षा रस्ता क्रॉस करताना. सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न सुरू. त्या धास्तीनं बाबांनी लक्ष्मी रोडला जाणंच सोडलं होतं.

मग ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेनं पादचारी दिन केला. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक वाहनं बंद! बाबा माझा हात सोडून चक्क रस्त्याच्या मधोमध चालले, दुकानांच्या पाट्या वाचत.

दुसऱ्या दिवशी हॉर्न परतले आणि बाबा घरात. त्या हॉर्नांमधला एक माझाही होता, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. गाडी विकली ती त्यानंतर.

बाबा मात्र दर नोव्हेंबरात कॅलेंडर उघडून बसतात. 'यंदा ११ तारखेला वार कुठला गं?'