चौविहार, कंबर आणि मी



विरारहून आगाशीला मुनिसुव्रत स्वामींच्या दर्शनाला आम्ही बायका पायी निघालो होतो. अर्ध्या वाटेत मी एका दुकानाच्या पायरीवर बसले. पाय जड, पोटऱ्यांत आग. बसलं की बरं वाटायचं, चाललं की पुन्हा तेच. बाजारात हातगाडीवर ओणवं झालं तरी आराम पडायचा.

एमआरआय काढल्यावर डॉक्टरांनी समजावलं. कमरेच्या मणक्यांत नसा जातात ती वाट अरुंद झाली होती. पुढे वाकलं की ती थोडी मोकळी होते, म्हणून बरं वाटतं. ऑपरेशनमध्ये मणक्याच्या मागचा थोडा हाडाचा भाग आणि जाड झालेला पडदा काढून नसांवरचा दाब कमी करतात.

मी नाही म्हटलं. घरी सांगितलं, "माझा चौविहार आहे. रात्रीची औषधं मला चालणार नाहीत." सगळे गप्प बसले. व्रतापुढे कोण बोलणार?

सहा महिन्यांनी उजवं पाऊल उचलेना, चप्पल निसटायला लागली. सासूबाई मला उपाश्रयात घेऊन गेल्या. साध्वीजींनी सगळं ऐकून विचारलं, "पच्चक्खाण घेताना चार आगार बोलता ना? शेवटचा कशासाठी आहे?"

मला सांगता येईना. वर्षानुवर्षं पाठ म्हणत होते! असह्य वेदनेत मनाची समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावं लागलं, तर व्रत मोडत नाही. ती सूट व्रतातच ठेवलेली आहे.

मग त्या हळूच म्हणाल्या, "भीती वाटते का?"

मी तिथेच रडले. अडचण चौविहाराची नव्हतीच. मी कायमची अंथरुणाला खिळेन, या भीतीला मी व्रताचं नाव दिलं होतं.

ऑपरेशन झालं. आदल्या रात्री नर्स म्हणाली, "आता पोटात पाणीसुद्धा नको." म्हटलं, "त्याची सवय आहे हो!" दुसऱ्या दिवशी आधाराने उभी राहिले. पोटऱ्यांतली आग गेली. पावलाची ताकद हळूहळू येते आहे, बोटांचा बधिरपणा थोडा उरलाय. लवकर गेले असते तर कदाचित उरला नसता.

डॉक्टरांनी वाकणं, जड उचलणं, फार वेळ बसणं बंद केलं. ४८ मिनिटं कटासणावर बसता येत नव्हतं, तेव्हा पडल्या पडल्या नवकार मोजले. आता रोजचा चौविहार पुन्हा सुरू झालाय.

एक मात्र लक्षात ठेवा. पाऊल लुळं पडलं, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घडीला दवाखाना गाठा.

आणि "माझं व्रत आहे" म्हणण्याआधी स्वतःला एकदा विचारा, खरंच व्रत आहे, की भीती?

घरच्यांना सहा महिने खोटं सांगितलं, त्याचं मिच्छामि दुक्कडम.