कुलपांचं आणि कोड्यांचं गाव : ब्ल्वा

कुलूप एक, किल्ल्या सहा. जादूगार पेटीत बक्षीस ठेवतो, कुलूप लावतो आणि किल्ल्यांचं ताट मुलांपुढे धरतो. "घ्या, हवी ती घ्या!" पाच मुलं पाच किल्ल्या उचलतात. एकही लागत नाही. ताटात उरलेली सहावी किल्ली जादूगार फिरवतो आणि खट्‌! पेटी उघडते.

गणपतीत हा खेळ पाहून घरी येताना माझी भाची कुरकुरत होती, "मामा, किल्ली तर मीच निवडली. मग जिंकला तो कसा?"

हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी फ्रान्समधल्या ब्ल्वा गावी उतरलो. पॅरिसहून आगगाडीने दीड-दोन तास. ल्वार नदीच्या काठचं चढउताराचं गाव, आणि वर जुना राजवाडा.

राजवाड्यात राणी कॅथरीन द मेदिचीची एक खोली आहे. भिंतींवर २३७ कोरीव लाकडी तक्ते. त्यांतल्या काहींच्या मागे चोरकपाटं आहेत, बरं का! ना कुलूप, ना किल्ली. भिंतीच्या तळाशी लपवलेली कळ पायाने दाबली की कपाट उघडतं. राणी तिथे विष ठेवायची, ही मात्र नुसती दंतकथा.

राजवाड्यासमोर १९९८ साली उघडलेलं 'जादूचं घर' आहे. ठरावीक वेळी त्याच्या खिडक्यांमधून सहा तोंडांचा सोनेरी ड्रॅगन माना बाहेर काढतो! हे घर आहे झाँ यूजीन रॉबेर-उदँ या जादूगाराच्या नावाचं. १८०५ साली तो याच गावात जन्मला. बाप घड्याळजी, मुलगाही घड्याळजी. पुढे तो जादूगार झाला. कुलपं आणि बेड्यांतून सुटणाऱ्या हूडिनीने आपलं नाव घेतलं ते याच्याच नावावरून.

त्याची एक पेटी फार गाजली. छोटीशी पेटी, कोणीही सहज उचलावी. पण जादूगाराने हुकूम दिला की पैलवानालाही ती हलेना! रहस्य काय? पेटीचा तळ लोखंडी आणि रंगमंचाखाली विद्युतचुंबक. वीज सुरू, पेटी घट्ट.

पॅरिसमध्ये लोक यावर टाळ्या वाजवत. पण १८५६ साली फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियाला पाठवलं. तिथे फ्रेंचांचं राज्य होतं आणि आपली जादू तिथल्या फकिरांहून मोठी आहे असं त्यांना दाखवायचं होतं. एक बलदंड अरब पुढे आला. "तुझी ताकद मी काढून घेतली," असं त्याला सांगण्यात आलं. पेटी हलेना. वर मुठीतून विजेचा धक्का बसला आणि बिचारा घाबरून पळाला. ही हकीकत रॉबेर-उदँनेच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

ती वाचताना मला हसू येईना. पेटी तीच, चुंबक तोच. पण पॅरिसमध्ये गंमत होती, इथे धाक होता. आपल्यावरही परक्यांचं राज्य होतं, म्हणून असेल कदाचित.

हाच माणूस गावाजवळ सेंट-जर्वेला राहत असे. पाहुण्याने फाटकावर कडी वाजवली की दूर घरात घंटा वाजे, घरातून कळ दाबली की फाटकाचं कुलूप आपोआप उघडे, आणि त्याच्या नावाच्या जागी 'आत या' अशी पाटी दिसे! तीच वीज, पण आता स्वागताला.

परत आल्यावर भाचीला म्हटलं, "किल्ली तू निवडलीस, खरं. पण ताट कोणी आणलं? त्यात किल्ल्या कोणी ठेवल्या? शेवटची किल्ली कोणाच्या हाती राहिली?"

ती विचारात पडली. मग हसली. रहस्य मी सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. पण कोणी "हवं ते निवडा" म्हणत ताट पुढे केलं, की टाळ्या जरूर वाजवा आणि हे तीन प्रश्नही मनात विचारा. जादूच्या खेळात, आणि खेळाबाहेरसुद्धा!