एका प्याल्याची पंगत

माणसाचा धर्म देवळात पाहू नये, पंगतीत पाहावा, असे माझे जुने मत आहे. देवळात सगळेच हात जोडतात. पंगतीत मात्र कोण कोणाच्या शेजारी बसला, कोणी वाढले, कोणाचे पान दाराबाहेर मांडले, हे सारे उघडे पडते. आपल्या संतमंडळींना हे पक्के ठाऊक असावे. म्हणून तर वारीची सांगता गोपाळकाल्याने होते आणि वारकरी एकमेकांच्या मुखात घास घालतात.

हे मत घेऊन मी एकदा चर्चमध्ये जाऊन बसलो, तेही पार तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला. त्याला कारण माझे एक स्नेही. बँकेत आम्ही वीस वर्षे शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. गृहस्थ जन्माने तमिळ, धर्माने ल्यूथरन ख्रिस्ती आणि मराठी बोलणार अस्सल माटुंग्याचे. निवृत्तीनंतर ते गावी परतले नि 2018 च्या जानेवारीत मी चार दिवस त्यांच्याकडे जाऊन राहिलो.

समुद्राकाठचे हे चिमुकले गाव 1620 पासून 1845 पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. डॅनिश राजाने धाडलेला त्सीगेनबाल्ग नावाचा जर्मन तरुण आपल्या जोडीदारासह 1706 साली इथे उतरला. भारतात आलेले हे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी. पठ्ठ्या तमिळ शिकला, बायबलचा नवा करार त्याने तमिळमध्ये छापला, 1718 साली 'न्यू जेरुसलेम' हे चर्च उभे केले आणि पुढच्याच वर्षी त्याच चर्चमध्ये त्याला मूठमाती मिळाली.

"रविवारी येता का? प्रभुभोजन आहे," स्नेही म्हणाले.

"मला चालेल?"

"बसायला चालेल. खायला नाही चालणार."

बाप्तिस्मा न झालेल्याला त्या भाकरीत वाटा नाही, हा नियम त्यांनी इतक्या सरळपणे सांगितला की मला तो आवडला. शनिवारी रात्री ओट्यावर बसून त्यांनी मला त्या भोजनाचा अर्थही समजावला.

आपण देवाला नैवेद्य दाखवतो नि मग प्रसाद खातो. म्हणजे आधी आपण देतो. ल्यूथरचे म्हणणे नेमके उलट. माणसाने देवापुढे काही ठेवायचे, यज्ञ करायचा, पुण्य जोडायचे, ही कल्पनाच त्याने मोडीत काढली. इथे वाढपी देव, जेवणारे आपण. उपासनेला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ 'देवसेवा'. पण ल्यूथरन मंडळी तो दोन्ही अंगांनी वाचतात. माणसाने देवाची केलेली सेवा, आणि त्याआधी देवाने माणसाची केलेली.

सोवळ्याचाही निकाल त्याने असाच लावला. 1529 च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत तो म्हणतो की उपासतापास करून यावे, ते चांगलेच. पण खरा पात्र तो, ज्याचा 'तुमच्यासाठी' ह्या शब्दावर विश्वास आहे. हे शरीर तुमच्यासाठी दिले, हे रक्त तुमच्यासाठी सांडले. बाकी अट नाही.

त्याच साली मारबुर्गला स्विस सुधारक झ्विंग्लीशी त्याचा वाद झाला. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत. अडले ते ह्या भाकरीवर. झ्विंग्ली म्हणे, ही नुसती आठवण. रोमन चर्च म्हणे, भाकरीचे तत्त्वच पालटते. ल्यूथर म्हणे, भाकरी भाकरीच राहते आणि तरीही तिच्यात ख्रिस्त खरोखर असतो. कसा ते विचारू नका. एका पंगतीच्या अर्थावरून पंगतीच वेगळ्या झाल्या! हे वाचून आपल्याकडचे भिक्षुक कदाचित सुखावतील.

आणखी एक गोष्ट ल्यूथरने केली. त्या काळी भाविकांना नुसती भाकरी मिळे; प्याला धर्मगुरूनेच प्यायचा. 1415 च्या कॉन्स्टन्स परिषदेने तसा नियमच करून टाकला होता. ल्यूथरने तो प्याला चांभार-सुतारांच्या ओठांना लावला.

आणि हाच प्याला आपल्या देशात आला तो जातीत अडकला.

ह्या मिशनच्या चर्चमधून वेल्लाळ वगैरे जातींचे ख्रिस्ती एकीकडे बसत, परैयर दुसरीकडे. प्याला आधी वरच्यांकडे जाई. 1833 साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जात चालणार नाही असा हुकूम काढला, तेव्हा तंजावरकडची कित्येक कुटुंबे चर्च सोडून गेली; पुढे त्यांतली काही ल्यूथरन मिशनकडे वळली. तंजावर म्हणजे आपल्या भोसल्यांचे. सरफोजीराजे ज्या श्वार्ट्झ पाद्र्याच्या हाताखाली शिकले, त्याचाच दुसरा शिष्य वेदनायगम शास्त्री. त्याची भजने तमिळ ख्रिस्ती आजही प्रेमाने गातात. त्याच शास्त्र्याने जातवार बसण्याच्या बाजूने लेखणीही झिजवली. माणूस असा अखंड क्वचितच सापडतो.

"माझे वडील नेहमी पहिल्या रांगेत प्याला घ्यायचे," स्नेही हळूच म्हणाले. "नियम वगैरे नव्हता हो. तोवर सगळे एकत्रच बसायचे. पण दुसऱ्या रांगेत ते कधी गेले नाहीत. का, ते आम्ही विचारलं नाही. माहीत होतं."

मग मूळ गोष्ट निघाली. 2012 साली त्यांच्या मुलीने चर्चमधल्याच, पण 'दुसऱ्या बाजूच्या' मुलाशी लग्न केले. थोरले भाऊ लग्नाला आले नाहीत. तेव्हापासून बोलणे बंद. दोन्ही घरांत जा-ये ठेवायची ती एकट्या वहिनींनी, आणि त्या आदल्या वर्षी गेल्या.

रविवारी चर्च भरले होते. जर्मन वळणाच्या चालींवर तमिळ गाणी झाली, मग कर्नाटकी ढंगाची. प्रवचन लांबले, पाद्र्यांचे आणि कीर्तनकारांचे ह्या बाबतीत गोत्र एकच. नंतर लोक अनवाणी वेदीपुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकू लागले.

स्नेही उठले नाहीत. पहिली रांग गेली, दुसरी गेली. पलीकडच्या बाकावरचे त्यांचे व्याही उठले, तेव्हा हे उठले आणि त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. प्याला उजवीकडून येत होता. पाद्र्यांनी व्याह्यांना पाजले, काठ फडक्याने पुसला, प्याला किंचित फिरवला आणि ह्यांच्या ओठांना लावला. फार तर दहा सेकंद लागले असतील. चर्चमध्ये कुणी मान वळवून पाहिले नाही. तिसऱ्या बाकावर थोरले भाऊ बसले होते, ते समोरच पाहत होते.

स्वीडन-फिनलंडकडच्या जुन्या चर्चमधून हा कठडा अर्धवर्तुळाकार असतो. उरलेले अर्धे वर्तुळ वेदीपलीकडे गेलेल्यांनी पुरे करायचे, अशी तिथली श्रद्धा. हे मी स्नेह्यांना बाहेर पडल्यावर सांगितले. ते काही बोलले नाहीत. चष्मा मात्र बराच वेळ पुसत राहिले.

दुपारी व्याह्यांकडे जेवण होते. थोरल्या भावांना व्याह्यांनी स्वतः जाऊन बोलावले होते. केळीचे एक पान त्यांच्यासाठी मांडले होते. आम्ही पाऊण तास थांबलो. मग भात निवू लागला तसे जेवायला बसलो. पान कुणी उचलले नाही.