थोडक्या खर्चांत ज्वालामुखीचें दर्शन

परदेशप्रवास हें श्रीमंतांचें व्यसन होय, अशी आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत दृढ समजूत आहे. विमानाचें भाडें पाहिलें म्हणजे ती समजूत सर्वस्वी खोटी आहे असें म्हणवत नाहीं. परंतु एकदां परभूमीवर पाऊल टाकल्यावर पुढें जो खर्च होतो, तो बहुधा पाहण्याचा नसून राहण्याचा, खाण्याचा आणि मिरवण्याचा असतो. जेथें मुख्य प्रेक्षणीय वस्तु सृष्टीनेंच उघड्यावर मांडून ठेविली आहे, तेथें द्वारपालाला द्रव्य देण्याचें कारणच पडत नाहीं. जपानच्या दक्षिणेस क्यूशू बेटांत कागोशिमा नांवाचें शहर आहे. त्याच्या समोरच, उपसागराच्या पाण्यांत, साकुराजिमा हा जागृत ज्वालामुखी उभा आहे. तो पाहावयास किती थोडें द्रव्य लागतें, आणि त्यानें आम्हांस किती विचार करावयास लाविलें, हें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम स्थलवर्णन. ज्या उपसागरांत हा पर्वत उभा आहे, त्याचा उत्तरभाग हाच मुळीं एका प्रचंड ज्वालामुखीचें मुख होय. सुमारें तीस हजार वर्षांपूर्वीं तेथें महास्फोट होऊन भूमि खचली व त्या खळग्यांत समुद्र शिरला. त्याच खळग्याच्या कांठीं पुढें हा नवा पर्वत वाढला. त्याची उंची १,११७ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रींतील मधल्या शिखरांएवढीच आहे. परंतु तो थेट समुद्रांतूनच उठल्यामुळें फार मोठा भासतो. शहरांतून तेथें जाण्यासाठीं अहोरात्र नौका चालते. पंधरा मिनिटांचा प्रवास, आणि भाडें दोनतीनशें येन, म्हणजे तेथील साध्या जेवणाच्या निम्म्याहून कमी. नौकेवर गव्हाच्या जाड शेवयांचा गरम वाडगा मिळतो. पण त्याच्या रसांत मासळीचा अर्क असतो, हें शाकाहारी वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्हीं आपलें पाणी पिऊन गॅलरींत उभें राहणेंच पसंत केलें. तेथून जो देखावा दिसतो, त्याला निराळें तिकीट नाहीं.

नौकेंतून उतरल्यावर थोड्याच अंतरावर समुद्रकांठीं एक उद्यान आहे. तेथें सुमारें शंभर मीटर लांबीचा दगडी पाट बांधला असून त्यांतून भूगर्भांतील ऊन पाणी वाहतें. कोणींही यावें, कांठावर बसावें, पाय सोडावे. मूल्य कांहीं नाहीं. गुडघ्यांस वयाचा स्पर्श झालेल्या माणसास याहून मोठी मेजवानी कोणती? तेथूनच सुमारें तीन किलोमीटरांची पायवाट १९१४ सालच्या लाव्ह्यावरून जाते. जवळच एक माहितीगृह आहे, तेंही विनामूल्य.

तो काळा खडक पाहतांना आम्हांस आपला देश आठवला. आपला दख्खनही अग्नीनेंच घडविला आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पातळ लाव्ह्याचे थरावर थर पसरून सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला, आणि त्यांतच पुढें वेरूळचें कैलास कोरलें गेलें. साकुराजिमाचा लाव्हा मात्र दाट असल्यामुळें दूर पसरला नाहीं. तो ढेकळांप्रमाणें एकावर एक रचला गेला. शतकापूर्वींच्या या ढेकळांतून आतां काळे पाइन वृक्ष वर आले आहेत. पर्वताच्या निरनिराळ्या बाजूंस १७७९, १९१४ व १९४६ या सालांचे लाव्हे आहेत; कोठें किती झाडोरा वाढला आहे, तें पाहून दगडाचें वय ताडतां येतें. वनस्पतिशास्त्राचा असा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकांत सांपडावयाचा नाहीं.

बेटावर फिरणारी एक बस ३७३ मीटर उंचीवरील युनोहिरा या ठिकाणीं घेऊन जाते. सामान्य मनुष्यास पर्वतावर यापेक्षां वर जातां येत नाहीं. मुखापासून दोन किलोमीटरांच्या आंत प्रवेशास सक्त बंदी आहे. १९५५ पासून हा पर्वत कमीअधिक धुमसतच आहे. आम्ही तेथें उभे असतां करड्या धुराचा एक लोट वर चढला, वाऱ्यानें कलला, आणि थोड्या वेळानें आमच्या छत्रीवर बारीक रवाळ राख पडूं लागली. आम्ही विस्मित झालों. शेजारची एक वृद्ध बाई मात्र शांतपणें आपल्या टोपलीवर कापड ओढून घेत होती. त्या लोकांस हें नित्याचें आहे. हवामानाच्या वृत्तांत पर्वतावरील वारा कोणत्या दिशेचा, हेंही सांगतात, म्हणजे धुणें कोठें वाळत घालावें तें गृहिणींस कळतें. राख भरण्यासाठीं नगरपालिका पिवळ्या पिशव्या फुकट वाटते. त्या पिशवीच्या नांवांतच ‘राखेवर मात’ असा अर्थ आहे. बेटावरील मुलें शिरस्त्राण घालून शाळेस जातात, आणि रस्त्याच्या कडेस जागोजाग पक्के निवारे बांधलेले दिसतात. याच राखेच्या भूमींत जगांतील सर्वांत मोठा मुळा पिकतो. २००३ सालीं त्यांतील एक ३१.१ किलोग्रॅम भरला होता. आणि याच भूमींत लिंबाएवढीं इवलीं संत्रींही होतात. जो पर्वत छप्पर मोडतो, तोच मळाही पिकवितो.

परंतु ज्यासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों, तीं दोन स्थळें याच बेटावर आहेत. तींही विनामूल्यच पाहावयास मिळतात.

पहिलें स्थळ कुरोकामी गांवींचें एका देवस्थानाचें महाद्वार. तीन मीटर उंचीचें हें दगडी द्वार १९१४ सालच्या जानेवारींत एका दिवसांत राखेनें व सच्छिद्र दगडांनीं गाडलें गेलें. आज त्याची वरची आडवी शिळाच तेवढी सुमारें मीटरभर भूमीवर दिसते. ग्रामस्थ तें उकरूं लागले असतां गांवच्या प्रमुखानें त्यांस थांबविलें. पुढील पिढ्यांनीं हें असेंच पाहावें, असें तो म्हणाला. देवाचें द्वार गाडलेलें ठेवण्यास मोठें धैर्य लागतें.

दुसरें स्थळ म्हणजे पूर्व साकुराजिमाच्या शाळेच्या आवारांत १९२४ सालीं उभारलेला एक शिलालेख. जपानी जाणणाऱ्या सोबत्यानें त्याचा अर्थ सांगितला, तेव्हां आमचें सारें आयुष्य ज्या शाळेच्या आवारांत गेलें, तेंच डोळ्यांपुढें उभें राहिलें. हकीकत अशी. स्फोटापूर्वीं कांहीं दिवस धरणीकंप वारंवार होऊं लागले, डोंगरावरून दरडी कोसळल्या, किनाऱ्यावर ऊन पाणी उकळून वर आलें, जुन्या मुखांतून पांढरा धूर निघूं लागला. गांवच्या प्रमुखानें शहरांतील वेधशाळेस पुनःपुन्हां विचारलें. साकुराजिमाचा स्फोट होणार नाहीं, असें उत्तर आलें. त्यानें उरलेल्या लोकांस धीर दिला, पळून जाण्याचें कारण नाहीं असें सांगितलें. डोळ्यांनीं पाहिलेल्या चिन्हांवर विश्वास ठेवून बहुतेक शेतकरी व कोळी तत्पूर्वींच होड्यांतून निघून गेले होते. १२ जानेवारी १९१४ रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास पर्वत फुटला. प्रमुख व त्याचे सहकारी यांस समुद्रांत उड्या घालाव्या लागल्या, आणि त्यांतील दोघे ग्रामाधिकारी त्या थंड पाण्यांत मरण पावले. पुढें लाव्ह्यानें सुमारें चारशें मीटर रुंदीची सामुद्रधुनी भरून काढली, आणि बेट मुख्य भूमीस कायमचें जोडलें गेलें.

शिलालेखांत नमूद आहे कीं, वेधशाळेवर भरंवसा ठेवणारे सुशिक्षित लोकच उलट संकटांत सांपडले. म्हणून रहिवाशांनीं सिद्धान्तावर विसंबूं नये, विपरीत चिन्ह दिसतांच निघण्याची तयारी करावी. आणि एरवीं उद्योगानें व काटकसरीनें वागून, केव्हांही संकट आलें तरी मार्ग चुकणार नाहीं, अशी सिद्धता ठेवावी.

शाळेच्या आवारांत, मुलांच्या दृष्टीसमोर, ‘सिद्धान्तावर विसंबूं नका’ असें कोरणें कोणाही शिक्षकास प्रथम रुचणार नाहीं. आम्हांसही तें बोंचलें. परंतु विचार करतां त्या शिळेंत विद्येची निंदा नाहीं, असें दिसून आलें. आपल्या न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान यांबरोबर शब्द हें प्रमाण मानिलें आहे. पण शब्द कोणाचा? तर आप्ताचा. आणि आप्त कोण? ज्यानें वस्तु स्वतः अनुभविली आहे व जशी अनुभविली तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतात कीं, हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे. त्या जानेवारींत साकुराजिमाच्या किनाऱ्यावर उकळतें पाणी पाहणारा निरक्षर कोळी आप्त होता. समुद्रापलीकडून अपुऱ्या साधनांवर ‘नाहीं’ म्हणणारा अधिकारी त्या विषयापुरता आप्त नव्हता. आपल्या घरांतही असेंच घडतें. माजघरांतील म्हातारी आजी ‘आज आडाच्या पाण्याला निराळा वास येतो’ किंवा ‘पोराचा ताप साधा दिसत नाहीं’ असें म्हणते, आणि आपण शिकलेलीं माणसें छापील कागद पुढें करून तिला गप्प बसवितों. कागद खोटा असतो असें नव्हे. पण कागद लिहिणारानें आपला आड पाहिलेला नसतो.

जपानी लोकांनीं या शिलालेखाचा अर्थ विद्या सोडावी असा केला नाहीं, हें विशेष होय. १९६० सालीं क्योतो विद्यापीठानें तेथें ज्वालामुखीची वेधशाळा स्थापिली. भूमीखालीं भुयारें खणून पर्वत किती फुगतो, किती कलतो, याचें मोजमाप चालतें. म्हणजे सिद्धान्तच पर्वताच्या पायथ्याशीं राहावयास आला, आप्त झाला. दरवर्षीं बेट सोडून जाण्याची तालीम होते. २४ जुलै २०२२ रोजीं इशारा सर्वोच्च अशा पांचव्या पायरीवर गेला, तेव्हां मुखाजवळच्या दोन वस्त्यांतील लोकांस हलविण्यांत आलें, आणि कोणास इजा झाली नाहीं.

ज्यांचीं मुलें जपानांत नोकरीनिमित्त आहेत, अशीं कुटुंबें आपल्या वाचकांत आतां थोडीं नाहींत. त्यांनीं तोक्योच्या झगमगाटांतून चार दिवस काढून घरांतील वडील माणसांस व नातवंडांस बरोबर घेऊन येथें यावें. छत्री, पाण्याची बाटली, डोळ्यांस राखेपासून जपण्यासाठीं चष्मा, आणि घरचे दशम्या-लाडू एवढें सामान पुरे. निघण्यापूर्वीं त्या दिवशींचा इशारा अवश्य पाहावा. आणि तेथें पोंचल्यावर पर्वताकडेही पाहावें.